साउंड बाथला पहिल्यांदा जाताना: नाव नोंदवण्यापासून घरी परतेपर्यंत

साउंड बाथहून परतलेल्या अनेकांचा पहिला प्रश्न असतो, "मला काहीच जाणवलं नाही, माझं काही चुकलं का?" खोदून विचारलं की कारणं अगदी साधी निघतात. पाठीखाली पातळ चटई होती, पाय गार पडले होते, गाँग (टोला देऊन वाजवायची धातूची मोठी थाळी) डोक्याशीच होता आणि मन तासभर 'आता काहीतरी घडेल' याची वाट बघत होतं. अशा अवस्थेत कुणाचंच अंग सैल पडणार नाही.

साउंड बाथमध्ये लोक आडवे होऊन किंवा खुर्चीवर बसून, डोळे मिटून दीर्घ नाद ऐकतात. धातूचे वाडगे, क्वार्ट्झचे वाडगे, गाँग, किणकिणणाऱ्या नळ्या, कधी तानपुरा, कधी सत्र घेणाऱ्या व्यक्तीचा आवाज. चाल नसते, ठेका बहुधा नसतो, शब्द अगदी थोडे असतात. सत्र साधारण 45 ते 90 मिनिटांचं असतं. ऐकणाऱ्याला त्यात काहीही करायचं नसतं, आणि हेच बहुतेकांना जड जातं. खाली सांगितलेली सगळी तयारी त्यासाठीच आहे. तेवढ्या वेळात शरीराची तक्रार येऊ नये आणि मनाला कसली राखण करावी लागू नये, इतकं साधलं की बाकीचं आपोआप होतं.

त्या आवाजात असतं काय

थोडं समजून घेतलं तर तिथे पडल्यावर दचकायला होत नाही, म्हणून आधी हे सांगतो.

धातूचे वाडगे मुख्यतः तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे, म्हणजे काशाचे असतात. मऊ टोकाच्या दांडीने टोला दिला की वाडगा घुमतो. दांडी काठावरून दाबून फिरवली की ती क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि त्यामुळे नाद तुटत नाही. या वेळी वाडग्याचा काठ खरोखर वाकत असतो: एकदा एका बाजूने लांबट, लगेच दुसऱ्या बाजूने लांबट, सेकंदाला शेकडो वेळा. हाताने ठोकलेला वाडगा कधीच अचूक गोल नसतो, म्हणून त्यातून एकमेकांच्या अगदी जवळचे दोन स्वर निघतात. एक 200 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला 200 कंपनांचा) आणि दुसरा 204 हर्ट्झचा असेल, तर कानाला एकच स्वर सेकंदाला चार वेळा फुगताना-ओसरताना ऐकू येतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत आल्या की जी संथ लाट ऐकू येते, ती हीच. साउंड बाथमधलं ते डोलणं बरंचसं तिथून येतं.

क्वार्ट्झचे पांढरे वाडगे निराळे. सिलिकॉन वितळवण्यासाठी कारखान्यांत क्वार्ट्झची भांडी वापरतात, त्यांचेच हे भाऊबंद. त्यांचा स्वर शुद्ध आणि लांबणारा असतो, आणि तो नेमका कुठून येतोय हे कानाला चटकन कळत नाही. काहींना तो फार आवडतो, तर काहींना दातांत शिरल्यासारखा वाटतो. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत.

गाँग हा सगळ्यांत बलवान. टोला दिल्यावर आधी खर्जातला घुमार येतो आणि मग क्षणभराने त्यातून वरचे स्वर फुलत जातात, म्हणजे टोल्यानंतर आवाज आणखी उजळतो. हे माहीत नसेल तर दुसऱ्या क्षणी माणूस ताठ होतो. माहीत असेल तर ती लाट अंगावरून जाऊ देता येते.

विश्रांती कशाने मिळते? कान झोपेतही जागा असतो, आणि अचानक आलेल्या आवाजाने शरीर सावध होतं. हे नाद मात्र सावकाश उगवतात, सावकाश मावळतात आणि त्यांत अर्थ लावण्यासारखे शब्द नसतात. त्यात भर पडते ती आडवं पडण्याची, मिटलेल्या डोळ्यांची, लांबलेल्या श्वासाची आणि 'या तासात मला कुणी हाक मारणार नाही' या खात्रीची. माझ्या मते ही शेवटची गोष्ट वाद्यांइतकीच मोलाची आहे.

संशोधन आहे, पण थोडं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 51 जणांनी विश्रांतीच्या सूचना ऐकण्याआधी एकदा 12 मिनिटं वाडग्याचा नाद ऐकला आणि एकदा तेवढाच वेळ शांततेत काढला. नाद ऐकल्यावर वरचा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके जास्त उतरले. 2017 च्या दुसऱ्या अभ्यासात 62 जणांना सत्रानंतर ताण, राग आणि थकवा कमी वाटला, मात्र तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे अंग सैल पडतं, मन निवतं, इतकं विश्वासाने म्हणता येईल. 432 हर्ट्झने पेशी दुरुस्त होतात, अमुक स्वराने अमुक अवयव बरा होतो, या दाव्यांना भक्कम आधार नाही. हजारो वर्षांच्या परंपरेच्या गोष्टींबद्दलही तेच. वाडगे जुने आहेत, पण अशी सामूहिक सत्रं अलीकडची आहेत. 1970 च्या दशकापासून ती पाश्चात्त्य देशांत रुजली आणि तिथून पसरली. तुमच्या विश्रांतीला त्याने काही उणेपणा येत नाही.

पायरी 1: आधी तब्येतीचा विचार

बहुतेकांसाठी साउंड बाथ निर्धोक असतं. पण पुढच्यांपैकी काही तुम्हाला लागू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सत्र घेणाऱ्यांनाही स्पष्ट सांगा: फिट्स येत असतील (क्वचित काहींना आवाजानेही येतात), पेसमेकर असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, गर्भारपण असेल, कानात सतत गुंजन होत असेल, आवाज सहनच होत नसेल, मायग्रेनचा त्रास असेल. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर ते चालू ठेवायचं की बंद, हे तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडून आधीच समजून घ्या.

गर्भारपणाच्या 28 व्या आठवड्यानंतर पाठीवर फार वेळ पडू नये. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडायचं.

मनाच्या बाबतीत थोडं अधिक जपायला हवं. एखाद्या जुन्या आघाताच्या आठवणी अचानक उसळत असतील, भास होत असतील किंवा मानसिक आजाराचा तीव्र काळ चालू असेल, तर काळोख्या खोलीत डोळे मिटून पडणं उलटही जाऊ शकतं. अशा वेळी तुमचे उपचार करणाऱ्यांशी बोलून मगच ठरवा. पहिल्यांदा लहान गटाचं, कमी वेळाचं आणि मंद उजेडातलं सत्र घेणं बरं. आणि औषध चालू असेल ते चालूच राहतं. कुणी ते थांबवायला सांगितलं तर तिथून निघा.

पायरी 2: सत्र निवडणं

हे काम शिकवणारे वर्ग अनेक आहेत, पण सगळीकडे चालेल असा एकच मान्यताप्राप्त परवाना नाही. म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा मी उत्तरांवरून माणूस ओळखेन. नाव नोंदवण्याआधी फोन करा किंवा संदेश पाठवा आणि इतकं विचारा: कोणती वाद्यं आहेत, गाँग आहे का, किती लोक असतील, खुर्ची मिळेल का, चटया-पांघरुणं तिथे आहेत की आणायची, मधेच उठून बाहेर जाता येतं का, आणि सत्रादरम्यान कुणी स्पर्श करतं का किंवा अंगावर वाडगा ठेवतं का.

शेवटचा प्रश्न टाळू नका. काही ठिकाणी वाडगा छातीवर किंवा पोटावर ठेवून वाजवतात. आवडणाऱ्याला ते आवडतं, पण आधी विचारल्याशिवाय कुणी तसं करू नये. नको असेल तर सत्राआधीच "मला स्पर्श नको" असं सांगून ठेवा. कारण द्यायची गरज नाही.

जी व्यक्ती शांतपणे उत्तरं देते, तब्येतीबद्दल स्वतःहून विचारते आणि "जमलं नाही तर उठून बसा" असं म्हणते, तिच्याकडे जा. कर्करोग बरा करतो, शरीरातली विषं बाहेर काढतो, पहिल्याच भेटीत तुमच्यात दोष आहे म्हणून दहा सत्रांचं पॅकेज घ्या, अशी भाषा ऐकू आली की विषय तिथेच संपवावा.

पहिल्या वेळेला दहा-पंधरा जणांचा गट पुरे. मोठ्या दालनात आवाज भव्य वाटतो खरा, पण तुमच्याकडे लक्ष ठेवायला तिथे कुणाला सवड नसते.

पायरी 3: सामान

जाड मॅट, आणि फक्त योगासनांची पातळ मॅट असेल तर तिच्याखाली घडी घातलेलं आणखी एक पांघरूण. डोक्यासाठी पातळ उशी, गुडघ्यांखाली ठेवायला लोड किंवा गुंडाळलेली चादर. अंगावर घ्यायला पांघरूण. डोळ्यांवरची पट्टी. मोजे. पाण्याची बाटली. आणि फोमचे इअरप्लग, आवाज आवडत असला तरीही.

पांघरूण खोली उबदार असली तरी न्याच. निश्चल पडलं की थोड्या वेळाने शरीर गार पडायला लागतं, आणि एकदा थंडी वाजली की लक्ष दुसरीकडे जाणं कठीण.

पायरी 4: त्या दिवशी

जड जेवण आणि सत्र यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, पण रिकाम्या पोटीही जाऊ नका. शांत खोलीत पोटाची गुडगुड फार मोठी वाटते. चहा-कॉफी दुपारनंतर टाळली तर बरं. कपडे सैल, कमरेला न आवळणारे. वाजणाऱ्या बांगड्या, मोठी कानातली आणि पट्टा काढून ठेवायचा. अत्तर नको, कारण शेजारचा माणूस तासभर तोच श्वास घेणार आहे.

पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. दार बंद झाल्यावर बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. स्वच्छतागृहात जाऊन या. मोबाईल पूर्ण बंद करा, कारण व्हायब्रेटवर ठेवलेला फोन लाकडी फरशीवर ढोलासारखा वाजतो.

पायरी 5: जागा

लवकर पोचण्याचा खरा फायदा इथे आहे. बहुतेक लोक दिसेल त्या कोपऱ्यात चटई टाकतात, आणि सत्र आवडलं की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरतं.

आधी गाँग कुठे आहे ते बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने कमी होतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो इतका उतरत नाही, तरी फरक नक्की पडतो. कानांच्या दृष्टीने नायॉश (NIOSH) या कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा हिशोब उपयोगी आहे: 85 डेसिबल आठ तास चालतो, आणि पुढे दर 3 डेसिबलला मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला एक तास आणि 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. साउंड बाथ बराचसा वेळ यापेक्षा खूप हळू असतं, पण जवळून वाजवलेला गाँग थोडा वेळ बराच वर जाऊ शकतो. मोजायचं साधन नसेल तर एक खूण लक्षात ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागेल इतका आवाज झाला, तर इअरप्लग घालायचे.

दुसरी गोष्ट, खोलीचे कोपरे. खर्जाचे आवाज भिंतींपाशी आणि विशेषतः कोपऱ्यांत जास्त जोर धरतात. छातीत घुमणारा खर्ज ज्यांना सुखावतो त्यांनी भिंतीजवळ जावं, ज्यांना घुसमटल्यासारखं होतं त्यांनी खोलीच्या मधल्या भागात यावं.

पहिल्यांदा येणाऱ्याला माझा सल्ला असा: वाद्यांपासून मधल्या अंतरावर, दाराकडे जाण्याची वाट मोकळी राहील अशा जागी पडा. सहसा डोकं वाद्यांकडे करायला सांगतात, कारण कान जवळ येतात. आवाजाला नाजूक असाल तर पाय वाद्यांकडे करू का, असं विचारा. सहसा कुणी नाही म्हणत नाही. एसीचा झोत अंगावर येत नाही ना, हेही आत्ताच बघून घ्या.

पायरी 6: अंग मांडणं

शवासन माहीत असेल तर अर्धं काम झालं. पाठीवर पडा, गुडघ्यांखाली लोड सरकवा. त्याने कमरेचा बाक सैलावतो आणि अर्ध्या तासाने सुरू होणारी कंबरदुखी टळते. उशी इतकीच जाड हवी की हनुवटी वरही जाऊ नये आणि छातीकडेही दाबली जाऊ नये. हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर किंवा पोटावर, जसं बरं वाटेल तसं. टाचा टोचत असतील तर त्यांखाली मोजा गुंडाळून ठेवा.

पाठीवर पडणं प्रत्येकाला मानवत नाही. घोरण्याची सवय, आम्लपित्त किंवा कंबरेचा त्रास असेल तर कुशीवर वळा. खुर्चीत बसलात तर पाठ टेकलेली आणि पावलं जमिनीला पूर्ण लागलेली असू द्या. बसून घेतलेलं सत्र कमी प्रतीचं नसतं, आणि ज्यांना पडल्याबरोबर झोप लागते त्यांना बसूनच जास्त ऐकू येतं.

सगळं मांडून झालं की डोळे मिटून एक मिनिट पडून राहा आणि स्वतःला विचारा: याच स्थितीत एक तास पडायचं तर पहिली तक्रार कुठून येईल? मानेकडून येणार असेल तर उशी बदला. सत्र सुरू व्हायच्या आधीचं हे एक मिनिट सगळ्यांत उपयोगी आहे.

पायरी 7: सत्र चालू असताना

सुरुवातीला सत्र घेणारी व्यक्ती दोन शब्द बोलते, श्वासाकडे लक्ष न्यायला सांगते. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं काही मिनिटं करा. मग मोजणं सोडून द्या. श्वासाचा अभ्यास तासभर करत बसलात तर ते पुन्हा कामच झालं.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मन धावणारच. याद्या होतील, राहिलेली कामं आठवतील, नाकाला खाज सुटेल. खाजवा. न हलण्याचा नियम कुणी केलेला नाही. मन फारच भरकटलं तर एक करता येतं: वाडग्यावर टोला पडला की तोच एक नाद धरायचा आणि तो नेमका कुठे संपतो ते ऐकायचं. शेवट असा सापडत नाही. नाद विरतो आणि तो अजून आहे की नाही हे कळेनासं होतं. असे चार-पाच नाद ऐकले की कान स्थिरावतो, मग तेही सोडून द्यायचं.

त्यानंतर काय होईल हे सांगता येत नाही, आणि सांगूही नये. कुणाला रंग दिसतात, कुणाला अंग जड किंवा हलकं वाटतं, कुणाचा पाय झोपेच्या उंबरठ्यावर एकदम झटका देतो, कुणाला कारण नसताना रडू येतं. कुणाला यातलं काहीच होत नाही, फक्त एक निवांत तास मिळतो. शेजारच्याला दिसलेले रंग तुम्हाला दिसले नाहीत म्हणून तुमचं सत्र वाया गेलं नाही. झोप लागली तरी वाया गेलं नाही. शरीराला त्या वेळी जे हवं होतं ते त्याने घेतलं. रडू आलं तर येऊ द्या, तोंड पुसायला रुमाल उशाशी ठेवा.

गाँगची वेळ बहुधा उत्तरार्धात येते. आवाज हळूहळू चढतो. जबडा, खांदे आणि मुठी आवळल्या गेल्या का ते तपासा आणि उच्छ्वास लांब सोडा. तरीही नकोसं वाटत असेल तर सहन करत पडू नका. कानांवर तळवे ठेवा, इअरप्लग घाला, कुशीवर वळा. घाबरल्यासारखं झालं तर डोळे उघडा, छतावरची एखादी वस्तू नीट बघा, तळवे जमिनीला टेकवून तिचा टणकपणा जाणवू द्या, मग उठून बसा. गरज पडली तर बाहेर जा. 'हा त्रास म्हणजे आतली घाण बाहेर पडतेय' असं कुणी सांगितलं तरी तुमच्या शरीराचं ऐका.

शेजारी कुणी घोरू लागलं तर? तोही खोलीतलाच एक आवाज धरा. फार झालं तर सत्र घेणारी व्यक्ती येऊन हलकेच जागं करते, ते तुमचं काम नाही.

वाद्यं थांबल्यावर काही मिनिटं पूर्ण शांतता ठेवतात. अनेक जण इथे 'संपलं' म्हणून हालचाल सुरू करतात आणि सत्राचा सगळ्यांत चांगला भाग घालवून बसतात. शब्दाने बोलावलं जाईपर्यंत पडून राहा.

पायरी 8: उठणं आणि घरी जाणं

आधी हाता-पायांची बोटं हलवा, मग कुशीवर वळा, क्षणभर थांबा आणि हाताच्या आधाराने उठून बसा. पडल्या जागेवरून झटकन उभं राहिलं तर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. बसल्या बसल्या दोन घोट पाणी घ्या.

काही ठिकाणी अनुभव सांगायला गोल करून बसवतात. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर "मी ऐकतो" किंवा "मी ऐकते" इतकं म्हणणं पुरेसं आहे. दुसऱ्याच्या अश्रूंचा अर्थ सांगायला जाऊ नका.

गुंगी पूर्ण उतरेपर्यंत गाडी चालवू नका, थोडं चाला. त्या दिवशी शक्य असेल तर नंतर लगेच बैठक, खरेदी, भांडणाचा फोन असं काही ठेवू नका. रात्री बरेच जण गाढ झोपतात, तर काहींना उलट तरतरी येते. म्हणून पहिलं सत्र झोपेच्या वेळेला अगदी लागून नसावं. कानात वाजत राहिलं आणि ते दुसऱ्या दिवशीही थांबलं नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा जायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. क्वार्ट्झचा स्वर टोचला असेल तर फक्त धातूच्या वाडग्यांचं सत्र शोधा. गाँगने दडपण आलं असेल तर गाँग नसलेलं. गट मोठा वाटला असेल तर लहान, आणि जमिनीवर कंबर दुखली असेल तर खुर्ची. सगळं बदलून पाहिलं आणि तरी तिथे पडणं शिक्षाच वाटत असेल, तर साधं शवासन किंवा एकट्याने केलेला संथ फेरफटका तुम्हाला अधिक मानवेल.